इटलीच्या सावकाराची घोटीव भिंत

अमेरिकेहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय बघितलंत? उंच इमारती बघितल्या, मोठाले रस्ते बघितले. पण दीड महिन्यात मन लावून बघितली ती एकच भिंत. तिचंच सांगतो. ज्याला इमारती हव्यात त्यानं दुसऱ्या कुणाला गाठावं, अमेरिकेला जाऊन आलेले गल्लोगल्ली झालेत.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. कोल्हापूरच्या बाजूला देवळं, जहागीरदारांचे दिवाणखाने, जुन्या पेठांतली घरं, जिथं चुन्याचं काम असेल तिथं आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको पार्वती. आमच्या धंद्यात गडी थर देतो आणि बाई घोटते. गुळगुळीत गोटा घ्यायचा आणि ओल्या चुन्यावर दाबत राहायचं, भिंतीत तोंड दिसेपर्यंत. चाळीस वर्षं मी थर दिला, तिनं घोटला. लोक माझी पाठ थोपटायचे. चकाकी तिच्या हातची.

गेल्या माघात ती गेली. आठ दिवसांचं दुखणं. तिचा गोटा मी अस्थींबरोबर पंचगंगेत सोडला आणि थापी माळ्यावर टाकली. दिवसभर घरात बसून राहायचो. मग लेक आला आणि मला उचलून घेऊन गेला.

नेपरव्हिल

लेक अविनाश काँप्युटरात आहे. सून स्मिता नागपूरची, तीही त्यातच. शिकागोच्या पश्चिमेला त्यांचं गाव. घरं देखणी, पुढं हिरवळ, पण माणूस रस्त्यावर दिसत नाही. मी सकाळी फिरायला निघालो की गाडीवाले थांबून विचारायचे, काही मदत हवी का? धोतर-टोपीतला म्हातारा चालतोय म्हणजे हरवलाच असणार.

पहिल्या दिवशी सवयीनं लेकाच्या भिंतीवर बोटानं वाजवलं, तर भिंत डब्यासारखी वाजली. आत पोकळी, बाहेर पुठ्ठा.

"अव्या, हे घर न्हाई रं, खोकं हाय."

"आबा, इथं सगळी घरं अशीच असतात. ड्रायवॉल म्हणतात."

"हळू बोला आबा," स्मिता म्हणाली, "तिकडच्या खोलीत पाहुणे आहेत. सगळं ऐकू जाते."

पोरगी तोंडाची खरी आहे, म्हणून माझं तिच्याशी पटतं. महिनाभर मी खिडकीत बसून काढला तेव्हा तिनंच एक रंगीत कागद माझ्यापुढं टाकला. "आबा, जोडून सुट्टी आहे. इटलीचा महाल पाहायला चला."

"इटली लांब हाय."

"इटलीले नाही जायचं. चार तासांवर आहे. उचलून आणलाय इकडे."

महाल उचलून आणतात हे ऐकून मी खिडकीतून उठलो.

शुक्रवार, तळ्याकाठी

तळं म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, पक्षी ओरडतात, आणि पाणी तोंडात घेतलं तर गोड. त्या काठावर एका मांसाच्या व्यापाऱ्यानं जुन्या काळी मोठा बंगला बांधलेला. तो इटलीला गेला, तिथं एका सावकार घराण्याचा महाल बघितला आणि त्यातला एक दिवाणखानाच विकत घेतला. छत, दारं, भिंतीत बांधलेली दगडी शेकोटी, भिंती, सगळं कापून पेट्यांत भरून बोटीनं आणलं आणि इथं पुन्हा जोडलं. आमच्याकडं माणसं देवळाच्या पायरीचा दगड घरी न्यायला भितात. यांनी अख्खी खोली आणली.

दाखवायला मार्था नावाची बाई होती. सत्तरीची, ताठ, गळ्यात चष्मा. वीस वर्षं हीच खोली दाखवते म्हणाली. ती सांगायची आणि अविनाश मला मराठीत सांगायचा. घराण्याचं नाव वाल्देरोनी. मुळात लोकरीचे व्यापारी, मग सराफ झाले, मग राजांना आणि धर्मगुरूंना पैसा पुरवायला लागले, आणि शेवटी स्वतःच उमराव झाले. छताला सोन्याचं काम आणि मधोमध त्यांचं निशाण. शेकोटी एवढी की आत उभा राहिलो असतो तरी टोपी वर लागली नसती. मूळ पुरुषाची तसबीर होती. लांब नाक, बारीक डोळे, ओठ मिटलेले. आमच्या पेठेतला सराफ हुबेहूब असाच दिसायचा. देश कुठलाही असो, पैसेवाल्याचं तोंड एका साच्यातलं.

मग ती भिंतीकडं वळली. मधासारखा रंग, आत धुरकट शिरा, आणि चकाकी अशी की खिडकीतलं तळं भिंतीत हालत होतं.

"मार्बल," अविनाश म्हणाला. "अखंड संगमरवराच्या फरश्या आहेत, त्या म्हणतायत. ते सांधे दिसतात बघा."

मी सांधे बघितले. कापून आणलेल्या भिंतीला सांधे असणारच. मग एक कोपरा बघितला. तिथं ओल लागून हातभर तुकडा फुगला होता, कड फुटली होती. त्या फुटक्या कडेला दोन थर दिसत होते, खाली जाड, वर बारीक. दगडाला थर नसतात.

दोरी ओलांडून मी पुढं झालो, बोट कडेवर घासलं आणि जिभेला लावलं. आमच्यात चुना असाच बघतात. शिवाय मी तंबाखूवाला माणूस, माझ्या जिभेला चुन्याची ओळख सांगायला नको.

मार्था किंचाळली. कुठंतरी घंटा वाजायला लागली. अविनाशचा चेहरा पांढरा पडला.

"आबा! काय करताय तुम्ही? चाटलंत?"

"चुना हाय," मी म्हणालो.

"आबा प्लीज, मागे या. ते दोन मनोरे पडल्यापासून इथं लोक किती घाबरलेले असतात... पोलीस बोलावतील!"

"बोलीव. त्यांलाबी चाटायला लाव. चुना हाय म्हणून सांग त्या बाईला. घोटीव चुना. दगडाची एक कपची न्हाई यात."

पोलीस आले नाहीत. मागच्या दारानं एक माणूस आला. अंगावर चुन्याचे शिंतोडे, हाताच्या रेषा पांढऱ्या. तो दिसताच माझा जीव भांड्यात पडला, हा आपल्यातला. व्हिटो त्याचं नाव. आजोबा इटलीहून आलेले गिलावेवाले, हाही तोच धंदा करतो. मार्था त्याला रागानं काही सांगत होती, माझ्याकडं बोट करत होती. व्हिटोनं सगळं ऐकून घेतलं, कोपऱ्याजवळ गेला, बोट घासलं आणि स्वतःच्या जिभेला लावलं. मग हसत सुटला.

स्मितानं मला सगळं उलगडून सांगितलं. सहा महिने व्हिटो हेच सांगतोय की हा चुना आहे. कुणी ऐकत नाही, कारण त्या व्यापाऱ्याच्या कागदात मार्बल लिहिलंय. कोपरा दुरुस्त करायचे दोन प्रयत्न त्यानं केले, पण ही चकाकी त्याला येत नाही. आजोबांना यायची, ते शिकवायच्या आत गेले. आता सोमवारी यांची कमिटी बसणार. फुगलेला कोपरा फोडून तिथं दगडाच्या फरश्या ठोकायचं जवळपास ठरलंय.

"फोडणार?" मी विचारलं. "एवढी भिंत?"

"हो आबा. एकदा कोपरा काढला की चारही भिंती बदलतील म्हणते हा. सारख्या दिसाव्या म्हणून."

मी भिंतीकडं बघितलं. हे कुणीतरी दिवसचे दिवस घोटलं होतं. कोण ते माहीत नाही, पण त्या माणसाचा खांदा किती भरून आला असेल ते मला माहीत होतं.

"त्याला सांग," मी म्हणालो, "सोमवारच्या आत मी नमुना करून देतो. अश्शी चकाकी."

अविनाशनं कपाळाला हात लावला. व्हिटोनं माझा हात धरून गदागदा हलवला. मार्था म्हणाली, करू दे, बघू.

बाहेर आल्यावर मला घाम फुटला. चाळीस वर्षांत मी हातभर भिंतसुद्धा घोटली नव्हती. ते तिचं काम होतं.

शनिवार

सकाळी तळ्याकाठी गोटा शोधायला गेलो. तिथं गोटे पायलीनं पडलेत. मी उचलायचो, गालावर फिरवून बघायचो, टाकायचो. ती असंच करायची, एवढं मला माहीत होतं. पोहायला आलेली गोरी माणसं थांबून बघत होती. एक बाई आपल्या हातातला गोटा मला देऊन गेली. तो घेतला नाही, खरखरीत होता. शेवटी अंड्याएवढा काळा एक सापडला.

बंगल्याच्या मागं पूर्वीची घोड्यांची पागा आहे, तिथं व्हिटोचं काम. त्यानं पिंप उघडलं. आत तीन वर्षं भिजवलेला चुना, दह्यासारखा. मी वास घेतला, बोटांत चोळला. आमच्याकडच्या आजकालच्या पोरांना असा चुना दाखवला तर विचारतील, यानं दात घासायचे का? खरबरीत थर दिलेल्या दोन फळ्या त्याच्याकडं तयार होत्या. संगमरवराची पूड होती. आणखी काय पाहिजे?

"नारळ," मी म्हणालो.

स्मिता गावातल्या दुकानातून नारळ घेऊन आली. आमच्यात नारळ फोडल्याशिवाय थापी उचलत नाहीत. मी तो पागेच्या उंबऱ्यावर आपटला, तर मार्था पळत आली, तिला वाटलं मी आता पायरी फोडतोय. अविनाशनं तिला समजावलं. खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला तेव्हा तिनं आधी वास घेतला, मग कड खाल्ली, मग आख्खा तुकडा खाऊन दुसरा मागितला. देव म्हणा न म्हणा, खोबरं कुणाला नको असतं?

माळ्यावर टाकलेली थापी कोल्हापुरात होती. व्हिटोची हातात घेतली. पहिला हात वाकडा गेला. दुसरा सरळ गेला. तिसऱ्याला व्हिटोनं शीळ घातली. बारीक थर मी असा दिला की माझं मलाच बरं वाटलं. मग गोटा घेतला आणि लागलो घोटायला.

चुना गोट्याला चिकटला. जिथं दाबला तिथं ओरखडा, जिथं सोडला तिथं मुरूम. मी आणखी जोर लावला. दुपारपर्यंत फळीची अशी दशा झाली जशी म्हशीनं अंग घासलंय. व्हिटोचे दोन प्रयत्न असेच गेले होते, त्याला सगळं ओळखीचं होतं. त्यानं फळी उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवली. माणसात अदब होती.

जेवायला त्यानं डबा उघडला. पिवळं, घट्ट, वाफाळलेलं. पोलेंटा म्हणे. मी घास घेतला आणि म्हणालो, "अव्या, ह्यो मक्याचा घाटा हाय! नुसतं मीठ कमी पडलंय." स्मितानं आमच्या डब्यातला ठेचा त्याला वाढला. व्हिटोनं भाजी समजून चमचाभर तोंडात टाकला. मग तो उठला, पागेभोवती एक फेरी मारली, नळाखाली डोकं घातलं आणि परत येऊन पुन्हा चमचा पुढं केला. चुन्यात हात घालणारी माणसं हटायची नाहीत.

मुक्कामाच्या हॉटेलवर परत जाताना गाडीत अविनाश म्हणाला, "आबा, सोडून द्या ना. उगाच टेन्शन घेताय. त्यांची भिंत आहे, ते बघतील. उद्या आपण बोटिंगला जाऊ."

"बोटीत मला उलटी हुतीया."

"आई असती तर वेगळं होतं," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर ओठ चावला.

बोलला ते खरंच होतं. मला राग आला तो त्याचाच.

रविवार

दुसरी फळी शेवटची होती. व्हिटोनं खूण करून सांगितलं, खरबरीत थर वाळायला आठवडा जातो, आणखी नाही.

थर दिला. कालच्यापेक्षा बरा बसला. गोटा हातात घेतला आणि थांबलो. कालच्यासारखंच करायचं तर कालच्यासारखंच होणार. मग तिनं वेगळं काय केलं असेल? मी डोळे मिटून आठवायला लागलो. तिचा हात आठवेना, कारण तो मी कधी बघितलाच नव्हता. माझा थर झाला की मी पुढच्या भिंतीला लागायचो. मान वळवून बघायचो तेव्हा ती काय करत असायची?

बसलेली असायची.

पाय पसरून, पाठ टेकून, मिसरी लावत. मी ओरडायचो, "काय बसलीस गं आळशे? चुना वाळाय लागला!" ती म्हणायची, "तुम्ही तुमचं बघा." चाळीस वर्षं मी तिला आळशी म्हटलं. दहा गावच्या गवंड्यांसमोर म्हटलं. आणि ती चाळीस वर्षं बसून राहिली. मध्येच उठायची, हाताची पालथी बाजू भिंतीला लावायची आणि परत बसायची.

मी गोटा खाली ठेवला, फळीसमोर जमिनीवर बसलो आणि पाय पसरले.

तासभर गेला. अविनाश दोनदा आत येऊन गेला. "आबा, सुरू कधी करणार? सुकेल ना ते."

"बस हितं."

"अहो पण काहीतरी करा ना!"

"करतोय की."

स्मिता माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं विचारलं नाही. मग व्हिटोही बसला. मार्था दारात उभी राहून बघत होती, तिनं बंगल्यातून खुर्ची आणली. शेवटी अविनाशही टेकला. असे आम्ही पाच जण एका ओल्या फळीसमोर बसलो होतो. एखाद्यानं बाहेरून बघितलं असतं तर म्हणाला असता, कुणी गेलंय का यांचं?

मी उठायचो, हाताची पालथी बाजू लावायचो, बसायचो. पहिल्यांदा हात भिजला. दुसऱ्यांदा दमट. तिसऱ्यांदा चिकटायचा थांबला. चौथ्यांदा बघितलं तर ओली चमक गेली होती आणि थर गार लागत होता, आजारातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखा. तेव्हा मी गोटा उचलला.

पहिली रेघ ओढली. गोटा चिकटला नाही. घसरला. त्याच्यामागं दोन बोटं रुंदीचा चमकता पट्टा उमटला. मी दाबत गेलो, पट्ट्याला पट्टा लावत. खांदा पेटला, मनगट गेलं, थांबलो नाही. थोड्या वेळानं त्या थरावर बारीक दव आलं, टाचणीच्या टोकाएवढं. व्हिटो घाबरून फडकं घेऊन धावला. मी त्याला हातानंच थोपवलं. ते दव माझ्या ओळखीचं होतं. ते आलं की पार्वती पदरानं टिपायची आणि पुन्हा लागायची. मला पदर नव्हता, धोतराच्या सोग्यानं टिपलं आणि पुन्हा लागलो.

उन्हं कलली तेव्हा अविनाश जवळ आला आणि वाकला. फळीत त्याचं तोंड दिसत होतं. चष्म्यासकट.

"आबा," तो म्हणाला. मग चष्मा काढून पुन्हा बघितलं.

मार्था खुर्चीवरून उठली. गळ्यातला चष्मा डोळ्याला लावला, फळी बघितली, मग माझे हात बघितले. व्हिटो तोवर नाचत होता. खरंच नाचत होता, शंभर किलोचा बाप्या, पागेत.

सोमवार

कमिटीत सात माणसं. इस्त्रीचे कपडे, पायांत चकाकणारे बूट. दिवाणखान्यात त्या फुटक्या कोपऱ्याशेजारी व्हिटोनं माझी फळी धरली. कुणीतरी बॅटरी आणून दोन्हींवर उजेड टाकला. भिंतीतून उजेड परत आला, फळीतूनही आला. एका माणसानं दोन्हीकडं नख वाजवलं. आवाज एकच. रंगात थोडा फरक होता, तिकडं मध आणि इकडं दूध. व्हिटो म्हणाला, रंग मी बघतो, रंग मला येतो.

मग मार्था पुढं झाली. मला वाटलं, आता ही कागद काढणार. ती कमिटीला म्हणाली, "वीस वर्षं मी लोकांना संगमरवर म्हणून सांगत आले. चूक सांगत आले. उद्यापासून मी सांगणार, हा चुना आहे आणि तो माणसानं हातानं दगड केलाय. आणि हा कोपरा कुणी फोडला तर मी दुसरी नोकरी बघेन." हे अविनाशनं मला सांगितलं. ती बोलताना मूळ पुरुषाच्या तसबिरीकडं बघत होती, जणू त्यालाच दम देत होती.

त्यांनी हात वर केले. सातही. फोडणं रद्द. व्हिटो चुन्यानं दुरुस्ती करणार. फळी तिथंच ठेवणार, लोकांना बघायला.

निघताना कमिटीचा मुख्य, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, माझ्याजवळ आला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, उलटा करून घट्टे बघितले आणि काही विचारलं.

"आबा, ते विचारतायत," अविनाश म्हणाला, "हे घोटायचं काम तुम्हाला कुणी शिकवलं?"

"बायकोनं."

"ओके. आणि कधी शिकलात, असंही विचारतायत."

"काल."

"आबा, काल?"

"व्हय. काल दुपारी. सांग त्यांला."

त्यानं सांगितलं.